भिंगवालीने मास्तरांचं घर रस्त्यावर मांडलं

आमच्या गल्लीत बरेच दिवस एक बातमी फिरत होती, की आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भिंगवालीच्या नावावर शहरभर घरं आहेत. एखाद-दुसरं नव्हे, डझनाने. पुरावेही भक्कम होते. इस्त्रीवाल्याने तिला पुलापलीकडच्या नव्या इमारतीत किल्ली लावून आत शिरताना पाहिलं होतं. पेपरवाल्याने तिला बागेसमोरच्या बंगल्याला कुलूप घालून ऐटीत बाहेर पडताना पाहिलं होतं. आणि आमच्या घरातल्या गुप्तहेर खात्याने, म्हणजे माझ्या बायकोने, दातांच्या डॉक्टरांच्या माडीवर ती गॅलरीत उभी राहून उशा झटकताना पाहिली होती. दारं वेगवेगळी, बाई एकच.

"आणि राहते कुठे, तर इथे, दोन खोल्यांत, तेही भाड्याने," इस्त्रीवाला म्हणाला. "पैसेवाली माणसं अशीच. वास लागू देत नाहीत."

बातमी इतकी झकास होती की ती खोटी ठरवायला माझं मन होईना. पण आता लिहायलाच बसलोय तर सांगून टाकतो. भिंगवालीच्या नावावर या शहरात एक वीटसुद्धा नाही. ती घरांचे फोटो काढते. विकायला निघालेल्या घरांचे. एजंट तिला किल्ली देतो, ती आत जाते, घर आवरते, फोटो काढते, कुलूप घालते, किल्ली परत करते. झटकत होती त्या उशा परक्याच्या. स्वतःच्या घरी ती काय झटकते ते तिच्या आईकडून ऐकावं.

"जगाची घरं लखलखीत करते," आई जिन्यातून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "आणि आमच्याकडे खुर्चीवर कपड्यांचा डोंगर. पाहुणा आला की मीच म्हणते, बाबा, उभाच बरा आहेस."

एकदा मी तिच्याबरोबर कामावर गेलो होतो. तिला शिडी उचलायला माणूस हवा होता आणि मला परक्या घरात डोकवायला निमित्त हवं होतं, तेव्हा दोघांचंही भागलं. फ्लॅट म्हणजे अगदी रडका. ओलीचा वास, अंधारा बोळ, भिंतीवर पंख्याच्या वाऱ्याने उठलेले काळे फटकारे. मी मनात म्हटलं, हा कोण घेणार? भिंगवालीने चपला काढल्या, बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर बसली आणि बसूनच राहिली. मला वाटलं हिला चक्कर आली.

"पाणी आणू का?"

"गप्प उभे राहा दादा. उजेड कुठून येतो ते बघतेय."

मग उठली आणि कामाला लागली. आधी कमोडचं झाकण खाली. मग सगळे दिवे एकाच रंगाचे; तिच्या पिशवीत बल्बांचा खोकाच असतो. फ्रिजवरची चुंबकं काढली. मालकाचा लग्नातला फोटो उतरवून पालथा ठेवला. "घर घेणाऱ्याला तिथे स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे. दुसऱ्याचा नवरा दिसला की तो बिचकतो." आणि मग तिची ती जगावेगळी रीत, जिच्यापायी एजंट तिच्यावर वैतागतात आणि जिच्यावाचून त्यांचं चालतही नाही: खोली अख्खी रिकामी करायची. सोफा, कपाट, पायपुसणं, सगळं बाहेर. मग रिकाम्या खोलीकडे नीट बघून, तिला शोभेल तेवढंच सामान परत आत. कॅमेरा दाराच्या कडीच्या उंचीवर, ना वर ना खाली. त्या दिवशी सोफा मी उचलला. कंबर आठवडाभर तिचं नाव घेत होती.

पण नंतर तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो दाखवला. तीच खोली, तीच पंख्याची भिंत. पण खिडकीतून येणारा उजेड जमिनीवरून चालत आला होता आणि समोरच्या भिंतीपाशी जाऊन टेकला होता. मी त्या खोलीत उभा होतो आणि मला तिथे राहायला यावंसं वाटलं.

"ही लबाडी आहे," मी म्हटलं.

"भिंत सरकवली का मी? डाग पुसला? तो बघा, दिसतोय. हिच्याकडे आजवर कोणी बघितलंच नव्हतं, त्याला मी काय करू?"

तर अशी ही बाई. आता ती ज्यांचं काम करते त्यांच्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथून निघतो.

पूर्वी घर विकायचं तर फाटकावर पाटी लागायची. आता पाटी गेली, साइट आली. अख्ख्या शहरातली घरं खिशातल्या फोनमध्ये! मी सुरुवातीला तासन् तास बघत बसायचो. ज्या बंगल्याच्या कुत्र्याने मला कधी फाटकापाशी उभं राहू दिलं नाही, त्याचं न्हाणीघर मी अंथरुणात पडल्या पडल्या पाहिलंय. मला वाटायचं सगळं शहरच उघडं पडलं. तसं नव्हतं. साइट आहे एजंटांच्या संघटनेच्या मालकीची. घर तुमचं असलं तरी ते साइटवर चढवायला संघटनेतलाच एजंट लागतो. घर किती दिवस पडून आहे, किंमत कितीदा उतरवली, हे लोकांना कळू द्यायचं की नाही हे ते ठरवणार. न खपलेलं घर थोडे दिवस उतरवून ठेवतात, भिंगवालीला पडदे बदलून ताजे फोटो काढायला लावतात आणि 'नवीन' असा हिरवा ठिपका लावून पुन्हा चढवतात. "एक फ्लॅट तर माझ्याच हातून तीनदा जन्माला आलाय," ती म्हणते.

आणि मग तो आतला कप्पा. त्याचं मला जिन्यात कळलं. ती शिडी घेऊन वर चालली होती आणि मी नेहमीप्रमाणे वाटेत उभा होतो.

"काही घरं साइटवर असतात, पण तुम्हाला दिसत नाहीत दादा. एजंटांनाच दिसतात, पासवर्ड टाकला की."

"मग मालकाला त्याचा उपयोग काय?"

"मालकाला सांगतात, घर साइटवर आहे. खोटं नाही, असतंच. पण विचारायला कोणी येत नाही. मालक घाबरतो, किंमत खाली आणतो. मग एजंट आपल्याच ओळखीतला घेणारा उभा करतो. विकणाऱ्याची दलाली त्याला, घेणाऱ्याचीही त्यालाच."

"आणि तू हे बघत गप्प बसतेस?"

"सही केलीये मी. आतल्या कप्प्यातल्या घराबद्दल बाहेर एक शब्द बोलले तर संघटनेतला कोणी मला काम देणार नाही. आणि संघटनेबाहेर एजंट आहे कुठे?" तिने शिडी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "घरी आई आहे दादा."

माझ्या पोटात शेजारच्या भांडणाची बातमी जेवण होईपर्यंत टिकत नाही. ही बाई शहरातली निम्मी गुपितं पोटात घेऊन जिने चढते-उतरते आणि चेहऱ्यावर रेघ नाही. मी त्या दिवसापासून तिला वाट सोडायला लागलो.

आता मास्तर. आमच्या समोरच्या घरात तळमजल्यावर टेलरचं दुकान आहे आणि दुकानामागे मास्तर आणि त्यांची बायको राहतात. भाड्याने, पण इतकी वर्षं की घराला सगळे 'मास्तरांचं घर' म्हणतात. खरी मालकीण वेगळी: हॉस्पिटलात मेट्रन होऊन निवृत्त झालेल्या बाई, शहराच्या दुसऱ्या टोकाला भाचीकडे राहतात. वरची एकुलती खोली त्यांच्या कुलपात. मेट्रनबाईंचा स्वभाव म्हणजे इस्त्री केलेली चादर. घडी मोडली की रागावतात. त्यांनी मास्तरांना स्पष्ट सांगून ठेवलं होतं:

"मास्तर, घर मी विकणार आहे. पण तोंडी शब्द कोणाला देणार नाही, तुम्हालाही नाही. माझ्या भावाने वडिलांची जागा अशीच ओळखीत देऊन टाकली, आणि आमच्यातलं बोलणं कायमचं बंद झालं. घर साइटवर येईल. सगळ्यांना एकदम दिसेल. तुम्हीही या, आकडा सांगा, मी बघेन."

मास्तरांना हे पटलं होतं. त्यांनी बँकेत जाऊन कर्जाचं बोलून ठेवलं होतं. बाकी जायचं कुठे? गिऱ्हाईक सगळं गल्लीतलं, मोठं मशीन जमिनीला बोल्टने आवळलेलं, आणि दुसरीकडे जाऊन नव्याने पाटी लावावी असं वय राहिलेलं नाही. दुसऱ्या कोणी घर घेतलं तर तो ते पाडणार, हे लहान पोरालाही कळत होतं. म्हणून रोज सकाळी मशीनवरचं कापड काढण्याआधी मास्तर चष्मा नाकावर ओढून फोनवर साइट बघायचे.

"आलं का हो मास्तर?" मी गॅलरीतून विचारायचो.

"नाही अजून. बाई घाई करणाऱ्यातल्या नाहीत."

आणि घर तर महिनाभर साइटवर होतं. कुठे ते तुम्ही ओळखलंच असेल.

मेट्रनबाईंनी ज्या एजंटाला काम दिलं होतं त्याला आम्ही अत्तरवाला म्हणतो. तो यायच्या आधी त्याचा सुगंध येतो आणि तो गेल्यावर दिवसभर मुक्कामाला राहतो. त्याने मास्तरांना सांगितलं होतं, बाई घराचा विमा काढताहेत. एका माणसाला घेऊन आला, टेप लावून मापं घेतली, म्हणाला, गळती बघायला आलेत. तो माणूस बिल्डर होता. तिकडे मेट्रनबाईंना म्हणत होता, "काय करणार बाई, साइटवर टाकलंय, पण कोणी विचारत नाही. एकच गिऱ्हाईक आहे, कमी देतोय, पण देतोय." बाईंनी कंटाळून हो म्हटलं होतं. आठवडा संपता संपता सह्या व्हायच्या होत्या.

राहिले होते फक्त फोटो. आतल्या कप्प्यातल्या घराचेही फोटो कागदोपत्री लागतात. संघटना तशी शिस्तीची आहे. अत्तरवाल्याने काम भिंगवालीला पाठवलं. पत्त्याच्या जागी प्लॉटचा नंबर होता, आणि ती कुठे राहते हे त्याने जन्मात विचारलं नव्हतं. भिंगवालीने नंबर वाचला, नकाशा बघितला, आणि मग खिडकीतून समोर बघितलं. मास्तर दिव्याखाली काज करत बसले होते.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे साखर मागायला आली. वाटी आणायची विसरली होती.

"वहिनी, मास्तर अजून बघतात का हो रोज? साइट?"

"रोज," बायको म्हणाली. "का गं?"

"काही नाही. असंच."

साखर न घेताच गेली. माझ्या नाकाला वास लागला होता, पण कशाचा ते कळेना. सकाळी तिची आई जिन्यात भेटली, चेहरा उतरलेला. "हिने काल खुर्चीवरचे सगळे कपडे घडी करून कपाटात ठेवले," आई कुजबुजली. आई कुजबुजते हेच मुळात भयंकर. "खुर्ची रिकामी दिसली तेव्हाच मी ओळखलं. काहीतरी करणार आहे ही."

आणि तिने केलं.

त्याच सकाळी ती शिडी, बल्बांचा खोका आणि कॅमेऱ्याची तिवई घेऊन मास्तरांच्या दारात उभी राहिली. अत्तरवाल्याने बजावलं होतं: पडदे ओढून, दोन-चार फोटो, पटकन. ती "बरं" म्हणाली होती. पण 'पटकन' हा शब्द तिच्या कामात बसत नाही हे शहरातल्या कोणत्याही एजंटाला माहीत होतं. त्याने रागवायचं आधीच ठरवलं असेल, थांबवायचं मात्र त्याला सुचलं नाही.

"मास्तर, खोली आधी रिकामी करायची."

"विम्याला?" मास्तर म्हणाले.

"फोटोला."

आणि मास्तरांचं घर रस्त्यावर यायला लागलं. कापायचं मोठं टेबल. कापडांचे तागे. गिऱ्हाइकांचे कपडे अडकवलेली दांडी. आतली खाट, ट्रंका, देवादिकांच्या तसबिरी, मास्तरांच्या बायकोची लोणच्याची बरणी. कपडे घालून बघायचा बाईचा पुतळा मी मिठीत धरून बाहेर आणला.

"बघा बघा, कसं धरलंय," आमची ही गॅलरीतून ओरडली. "बोलत नाही म्हणून आवडली असेल!"

"आणि हिला डोकंही नाही," मी म्हटलं. "म्हणून दुखतही नाही."

सगळी गल्ली गोळा झाली. येणारा-जाणारा थांबायचा. "मास्तर, घर सोडताय की काय?" "नाही रे, विम्याचे फोटो." "विम्याला बरणी कशाला बाहेर?" "ताईंना विचार." ताई शिडीवर चढून वरच्या झडपेची काच पुसत होत्या, आणि काच पुसताना माणूस बोलत नसतो. मागची खिडकी तिने कपाट हलवून उघडली. ते कपाट इतकी वर्षं तिथे होतं की मागे खिडकी आहे हे मास्तरांची बायकोसुद्धा विसरली होती.

खिडकी उघडली, आणि काय सांगू!

मी त्या दुकानात पँट आत घ्यायला आणि बाहेर सोडायला आयुष्यभर जातोय. माझ्या लेखी ते दुकान म्हणजे एक फळी, एक बाकडं आणि चिंध्यांचा ढीग. आता दारातून बघितलं तर समोर लांबच लांब खोली. तांबड्या फरशा, कडेने काळी नक्षी, आणि त्यावरून मागच्या अंगणातला उजेड थेट रस्त्यापर्यंत आलेला. मधे फक्त ते बोल्टने आवळलेलं मशीन. इस्त्रीवाला हातातली इस्त्री घेऊनच आला होता, तो ती खाली ठेवायची विसरला. मास्तर उंबऱ्याबाहेर उभे होते, पाहुण्यासारखे, चष्मा पुसत.

"एवढं होय," ते म्हणाले. "एवढं आहे होय हे."

तेवढ्यात टॅक्सी थांबली आणि मेट्रनबाई उतरल्या. वरच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे होती, आणि संघटनेच्या छापील नियमात लिहिलं होतं की जागेच्या प्रत्येक भागाचा फोटो हवा. भिंगवालीने आदल्या दिवशी त्यांना फोन करून एवढंच म्हटलं होतं: "बाई, वरच्या खोलीची किल्ली लागेल. फोटोला." मेट्रनबाई किल्ली दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यातल्या नव्हेत.

त्यांनी रस्त्यावरची खाट बघितली, बरणी बघितली, माझ्या मिठीतला पुतळा बघितला.

"हे काय चाललंय? वॉर्ड हलवताय?"

मला राहवेना. "बाई, घर विकताय की काय?" मी थट्टेतच विचारलं.

"विकताय की काय म्हणजे? महिना झाला साइटवर येऊन! इतकी माणसं राहता इथे, एकालाही विचारावंसं वाटलं नाही. शेवटी कमी पैशांत देऊन टाकतेय मी."

मास्तरांच्या हातातून चष्मा पडला.

"बाई," ते म्हणाले, "मी रोज बघतो. रोज सकाळी."

"काय बघता?"

"साइट. तुमचं घर त्यावर आलेलं नाही."

मेट्रनबाईंनी हात पुढे केला. मास्तरांनी फोन दिला. आमची गल्ली शोधली, समोरची गल्ली शोधली. नव्हतं. मी शिडीकडे बघितलं. भिंगवाली वरच्या पायरीवर, डोळ्याला कॅमेरा, छताच्या कोपऱ्याचा फोटो घेत होती. भिंगावरचं झाकण मात्र काढलेलंच नव्हतं. ते मला खालून दिसत होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, जिन्यातला तो आतला कप्पा आठवला, आणि मी पुतळा खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच मला सगळं माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही.

मग सुगंध आला, आणि मागोमाग अत्तरवाला. गर्दी बघूनच त्याचं तोंड वाळलं.

"साइटवर माझं घर दाखवा," मेट्रनबाई म्हणाल्या.

"आहे ना बाई, हे बघा," त्याने लगबगीने आपला फोन काढला. कोणी खोटारडा म्हणू नये एवढीच घाई त्याला झाली असावी, त्या घाईत त्याने पुढचा विचारच केला नाही. "हे बघा. तुमचंच घर."

मेट्रनबाईंनी एका हातात त्याचा फोन धरला, दुसऱ्या हातात मास्तरांचा. दोन थर्मामीटर धरावेत तसे. तीच साइट, तीच गल्ली. एकावर घर होतं, आणि दुसऱ्यावर त्या जागी काहीच नव्हतं. आम्ही सगळे त्या घराच्या समोर उभे होतो, त्याच्या पायरीला माझा पाय लागत होता, आणि मास्तरांच्या फोनमध्ये ते घर जगात नव्हतं. भुताखेतांच्या गोष्टी मी पुष्कळ सांगितल्यात, पण अख्खं घर माणसांच्या डोळ्यांदेखत नाहीसं करणारे लोक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, आणि त्यांच्या अंगाला चांगला वास येत होता.

"हे तुम्हाला दिसतं आणि यांना दिसत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "का?"

"बाई, ती एक पद्धत असते... सुरुवातीला निवडक लोकांना..."

"निवडले कोणी? मी?"

अत्तरवाल्याने कॉलर सैल केली. पुढचं बोलणं लांबलचक झालं, पण वॉर्डात शेवटचा शब्द मेट्रनचाच असतो. बिल्डरला नकार गेला. घर बाहेरच्या कप्प्यात आलं, सगळ्यांना दिसेल असं. मास्तरांना बाईंनी तिथेच सांगितलं, "तुम्हाला सवलत नाही हं. रांगेत या." आणि जाताना शिडीपाशी थांबून वर बघितलं. "तुम्हाला अजून माझी किल्ली हवी आहे का?"

"हो बाई," भिंगवाली म्हणाली. "वरच्या खोलीला ऊन चांगलं असेल आता."

फोटो साइटवर चढले आणि मास्तरांच्या दारात रीघ लागली. परकी माणसं आत येऊन त्यांच्यासमोर "ही भिंत पाडू", "हे मशीन भंगारात देऊ" असं बोलायची, आणि मास्तर तोंडात टाचण्या धरून ऐकायचे. टाचण्या नसत्या तर काय बोलले असते कोण जाणे. आकडा वर वर जात राहिला. मास्तर बँकेत पुन्हा गेले, मेहुण्याला मध्ये घातलं, बायकोची बोलणी खाल्ली. शेवटी त्यांचा आकडा दातांच्या डॉक्टरांच्या आकड्याला जेमतेम वरचढ ठरला, आणि मेट्रनबाईंनी घर त्यांना दिलं. सह्या करून परतल्यावर मास्तर स्वतःच्या पायरीवर जाऊन बसले.

भिंगवालीला संघटनेने बोलावलं. कोणाला काय सांगितलंस, असं खोदून खोदून विचारलं. तिने त्यांचेच छापील नियम टेबलावर ठेवले: खोलीतलं जादा सामान हलवावं, जागेचा प्रत्येक भाग घ्यावा. मालकीण आणि भाडेकरू एकमेकांशी बोलणार नाहीत, असा नियम त्यात कुठे नव्हता. शिक्षा काही देता येईना, तेव्हा त्यांनी नुसतं काम देणं बंद केलं. ते दिवस वाईट गेले. आईचा आवाज जिन्यात येईनासा झाला. पण घरं विकायला काढणारे लोक साइटवरचं ते मास्तरांचं घर दाखवून एजंटांना विचारायला लागले, हे फोटो कोणी काढले, आम्हाला तीच बाई पाहिजे. एकेक एजंट मान खाली घालून किल्ली घेऊन आला. अत्तरवाला सगळ्यात शेवटी. त्याचा वास मात्र आदल्या दिवशीच आला होता. आतला कप्पा अजून आहे. तो एका बाईच्या शिडीने मोडणारा नाही. फक्त आमच्या गल्लीतलं कोणीही आता घर विकायला काढताना आधी शेजाऱ्याचा फोन उघडून बघतं.

खुर्चीवर पुन्हा कपड्यांचा डोंगर झालाय. आई खूश आहे.

परवा मी पँट सैल करायला मास्तरांकडे गेलो होतो. मागची खिडकी उघडीच असते आता. भिंगवाली पिशवीचा तुटलेला पट्टा शिवून घ्यायला आली होती. मास्तरांनी सुईत दोरा ओवता ओवता तिच्याकडे तिरकं बघितलं.

"ताई, उपकार तुमचे. जन्मभर विसरणार नाही. पण एक बोलू? त्या फोटोंनी माझं दिवाळं काढलं. इतके सुंदर काढलेत, म्हणून ते डॉक्टर एवढे चढले. जरा बरे-वाईट काढले असते तर स्वस्तात नसतं का मिळालं मला?"

मीही तिची बाजू सोडून मास्तरांना सामील झालो. "खरंय. दोन फोटो अंधारातले काढायला काय जात होतं?"

तिने पट्टा ओढून बघितला, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "मास्तर, नवरदेव जरा कमी देखणा दिसावा म्हणून तुम्ही कधी कोणाचा सूट ढगळ शिवलाय का?"